घासलेली बाजू, कोरी बाजू : मिरजेहून दुरुस्त होऊन आलेला फिएस्टा

आधी पैशाचं सांगते, म्हणजे ज्यांना तेवढंच हवंय त्यांची लगेच सुटका होईल. एचएमव्हीचा जुना फिएस्टा रेकॉर्ड प्लेअर मिरजेत दुरुस्त करून घेतला. मजुरी, सामान, नवी सुई सगळं धरून २,८५० रुपये. 'आठ दिवसांनी घेऊन जावा' म्हणाले होते, लागले सात आठवडे. या काळात सांगली-मिरज किती खेपा झाल्या ते मोजायचं मी चौथ्या खेपेनंतर सोडलं. एवढं होऊनही पाचपैकी साडेचार तारे देते आहे. कापलेला अर्धा तारा त्या सात आठवड्यांचा.

दुरुस्ती करणाऱ्यांचं नाव आणि नंबर लिहीत नाही, कारण त्यांनीच तसं बजावलंय. सत्तरी ओलांडलेले आहेत. 'ताई, आता बारीक तार दिसत नाही. हाय तेवढं काम पुरे.' म्हणून इथे नुसतं चाचा म्हणते. मिरजेत सतारी-तंबोरे बनवणाऱ्यांच्या गल्लीकडे जाऊन जुने रेडिओ कोण करतं असं विचारलंत, तर कुणीतरी बोट दाखवेलच.

माझं सांगलीत औषधांचं दुकान आहे. गाण्यातलं मला फारसं कळत नाही. राग कोणता, तर लेबलवर छापलेला असेल तो. गाण्याचं वेड होतं बाबांना. हायस्कुलात गणित शिकवायचे आणि पगारातून उरेल तशा रेकॉर्डी घ्यायचे. प्रत्येक जॅकेटच्या मागे पेन्सिलीने तारीख आणि गाव: 'मिरज, दिवाळी १९७१', 'पुणे, पेपर तपासणी, मे १९७४'. मोठ्या एल.पी. नव्वदच्या आसपास, छोट्या ई.पी. तीसेक आणि आजोबांच्या काळातल्या ७८ स्पीडच्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या, अठरा. सांगलीला नाट्यपंढरी म्हणतात, १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी इथेच 'सीतास्वयंवर' केलं, त्यामुळे नाट्यसंगीताच्या रेकॉर्डी नसलेलं गावभागातलं घर त्या काळी अपुरं समजत असावेत. आमच्याकडेही त्या होत्या.

मग ऑगस्ट २०१९. आयर्विन पुलाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. २००५ ला आमच्या गावभागातल्या घरात पाणी तिसऱ्या पायरीपर्यंत आलं होतं, आणि गणिताच्या शिक्षकांनी तीच कमाल मर्यादा धरून कपाटाचा खालचा कप्पा रेकॉर्डींना दिला होता. बाबा २०११ मध्ये गेले, कप्पा तसाच राहिला. २०१९ ला पाणी खिडकीच्या गजांपर्यंत चढलं आणि आठवडाभर हललं नाही. उतरल्यावर आम्ही कपाट उघडलं, तर जॅकेटांचा नुसता लगदा. बाबांच्या पेन्सिलीच्या तारखांपैकी जेमतेम सोळा वाचता आल्या. ई.पी. आणि आजोबांच्या ७८ च्या रेकॉर्डी वरच्या कप्प्यात होत्या म्हणून कोरड्या राहिल्या.

एल.पी.चं प्लास्टिक पाण्याने खराब होत नाही. पण कृष्णेचा गाळ खाचांमध्ये बसला, की तो पाटा-वरवंट्याचं काम करतो, हे तेव्हा कुणाला माहीत? दादा पुण्याहून आला होता. तो म्हणाला, 'टाकून देऊ, सगळं मोबाईलवर आहे.' आई काही बोलली नाही. नळाखाली एकेक रेकॉर्ड धुवत बसली. मी त्या वर्तमानपत्रात गुंडाळून तासगावच्या द्राक्षांच्या रिकाम्या खोक्यांत भरल्या. आडव्या, एकावर एक. ही माझी चूक, आणि तिच्याबद्दल पुढे चाचांनी मला भरपूर ऐकवलं.

आईला गेल्या वर्षी विश्रामबागला माझ्याकडे आणली. खोकीही आली. दिवाळीच्या आवराआवरीत तिने एकदाच विचारलं, 'वाजतात का गं अजून?'

म्हणून आधी एक सुटकेससारखा नवा प्लेअर ऑनलाइन मागवला. कंपनीचं नाव घेत नाही. दिसायला गोड, आकाशी रंगाचा, साडेसहा हजार रुपये. पहिलीच रेकॉर्ड लावली आणि आई म्हणाली, 'ह्या बाईंना सर्दी झालीय का?' मोबाईलवर फेरे मोजायचं ॲप टाकलं, तर मिनिटाला ३३ च्या जागी साडेचौतीस फेरे. पुढे चाचांनी समजावलं, की पेटीवर शेजारशेजारच्या दोन पट्ट्यांत जेवढं अंतर, त्याच्या निम्म्याहून जास्त सूर एवढ्याने चढतो. दुसरी गंमत म्हणजे आपोआप थांबायची सोय. बाजूच्या शेवटी, मधल्या लेबलाजवळ, तान रंगात आलेली असायची आणि हा पठ्ठ्या परस्पर बंद व्हायचा. द्रुत ऐकायचीच नाही, असा त्याचा कायदा. आवाज मोठा असेल तिथे सुई उडायची ते वेगळंच. दहा दिवसांच्या आत परत केला. पैसे मिळाले, पण सुईने एका चांगल्या रेकॉर्डवर जो ओरखडा ओढला तो कायमचा राहिला.

तेव्हा आईनेच आठवण करून दिली, की आपला फिएस्टा माळ्यावर आहे. राखाडी-लाल पेटी, झाकणातच स्पीकर. प्लग लावला तर नुसती घर्रर्र. तबकडीखालचं चाक फिरत होतं, तबकडी जागची हलत नव्हती.

चाचांचं दुकान म्हणजे दहा बाय आठची खोली. भिंतीला टेकून व्हॉल्व्हचे रेडिओ, एकाच्या काचेवर सिलोनची खूण अजून स्पष्ट. त्यांनी पेटी उघडली, आत फुंकर मारली, एक झुरळ बाहेर काढलं आणि पहिला प्रश्न विचारला: 'वाजवायचाय का ठेवायचाय?' मला कळेना. ते म्हणाले, आजकाल हॉटेलवाले शोभेला ठेवायला आणतात, त्यांना नुसतं पॉलिश करून देतो. वाजवायचा असेल तर काम निराळं.

ते काम काय होतं, ते सविस्तर लिहिते, कारण तुमच्या माळ्यावरचा प्लेअर घेऊन दुसरा कुणी मेकॅनिक गाठलात, तर निदान काय विचारायचं ते कळेल. मोटरची दांडी आणि तबकडी यांच्यामध्ये एक रबरी चाक असतं. ते एका बाजूला दांडीला आणि दुसऱ्या बाजूला तबकडीच्या कडेला घासतं, म्हणून तबकडी फिरते. चाळीस वर्षांत त्या रबराची कडा काचेसारखी गुळगुळीत झाली होती. चाचांनी ते बारीक पॉलिश पेपरने खरवडून पाहिलं, दोन दिवस चाललं, परत सरकायला लागलं. मग त्यांनी कुठल्याशा मरून पडलेल्या प्लेअरचं चाक आणलं, त्यावर नवं रबर चढवलं आणि घासून गोल केलं. सातांपैकी तीन आठवडे या चाकाने खाल्ले. 'ताई, घाई करू नका. रबर गोल नसलं तर गाणं डुलतंय.' अँप्लिफायरमधले कंडेन्सर बदलले, तेव्हा घर्रर्र गेली. जुनं कार्ट्रिज, म्हणजे सुई ज्यात बसते ती चिमुकली डबी, मेली होती. तिच्या जागी सिरॅमिकची नवी बसवली. तिची सुई उलटता येते: एक बाजू एल.पी.साठी, दुसरी ७८ साठी. ७८ ची खाच कितीतरी रुंद असते. एल.पी.ची सुई त्यात घातली तर तळाशी घासत, खरखर करत जाते. आणि ७८ ची सुई एल.पी.वर ठेवली तर रेकॉर्ड संपलीच म्हणायची. चाचांनी त्या कांडीला लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला. लाल म्हणजे ७८. आईला एवढं पुरतं.

आणखी एक बारकावा. आमच्याकडच्या काही एल.पी. स्टिरिओ आहेत आणि फिएस्टा एकाच स्पीकरचा. जुन्या पद्धतीचं निव्वळ मोनो कार्ट्रिज स्टिरिओ खाचेत वर-खाली नीट हलत नाही आणि खाच खरवडतं. म्हणून चाचांनी मुद्दाम स्टिरिओ कार्ट्रिज घातलं आणि त्याच्या दोन्ही बाजूंच्या तारा एकत्र जोडल्या. तुमच्या मेकॅनिकला हे जरूर विचारा. त्याने 'काही फरक पडत नाही' म्हटलं, तर पेटी उचला आणि घरी या.

वेग तपासायची त्यांची रीत मला फार आवडली. जाड पुठ्ठ्याची गोल चकती, तिच्यावर गोलात काळ्या रेघा. ३३ साठीच्या गोलात १८० रेघा, ७८ साठी ७७. चकती तबकडीवर ठेवायची आणि वर जुनी चोकवाली ट्यूब लावायची. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ती ट्यूब सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते. वेग अचूक असेल तर फिरत्या चकतीवरच्या रेघा जागच्या जागी उभ्या दिसतात. जास्त असेल तर पुढे सरकतात, कमी असेल तर मागे. बाबा असते तर त्यांनी तिथेच १८० चा हिशोब मांडून दाखवला असता. चाचांच्या दुकानात बाकी सगळीकडे एलईडी आहे, पण ही एक ट्यूब त्यांनी या कामासाठी जपून ठेवली आहे. एलईडीखाली रेघा उभ्या राहतीलच असं नाही.

शेवटची परीक्षा मात्र कानाने. सोबत कुठली तरी रेकॉर्ड आणा म्हणाले होते, म्हणून मी आजोबांच्या अठरांतली वरची उचलून नेली होती. ती निघाली अब्दुल करीम खाँसाहेबांची, झिंझोटीतली ठुमरी, 'पिया बिन नाही आवत चैन'. चाचांनी लेबल वाचलं आणि टोपी सारखी केली. खाँसाहेब मिरजेचेच झाले, १९३७ मध्ये गेल्यावर इथेच त्यांना दफन केलं, दर्ग्यात उरुसाला त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी गाणं होतं, हे मला माहीत होतं. दुकानापासून दर्गा चालत दहा मिनिटांवर. पण चाचांचं कारण भावनेचं नव्हतंच. ते म्हणाले, 'यांचा सूर लांब असतो आणि सरळ असतो. मशीन जरा जरी डुललं तरी लगेच कळतंय. तानबाजीच्या रेकॉर्डवर चूक लपून जाते.' तीन-सव्वातीन मिनिटांची बाजू. दोघंही उभे राहून ऐकली. पहिल्या वेळी त्यांनी मध्येच सुई उचलली, चाकाचा स्प्रिंग बदलला, परत लावली. तिसऱ्यांदा पूर्ण ऐकली. ७८ च्या एका बाजूत एवढाच वेळ मावतो, आणि माणसाने तेवढ्या वेळात घाईही केलेली नाही, काही राहिलंय असंही वाटत नाही. मी आजवर खाँसाहेबांचं गाणं म्हणजे खरखरीतून येणारा कुणाचा तरी आवाज एवढंच समजत होते. रुंद सुई लागल्यावर खरखर मागे हटली आणि आवाज पुढे आला.

आता रेकॉर्डी धुण्याबद्दल. हा भाग चाचांचा कमी आणि माझा जास्त. एल.पी.साठी डिस्टिल्ड वॉटर चार भाग, आयसोप्रोपिल अल्कोहोल एक भाग, भांड्याच्या लिक्विडचे लिटरला दोन-तीन थेंब. मऊ ब्रशने खाचांच्या दिशेने गोल गोल, आडवं कधीच नाही. मग नुसत्या डिस्टिल्ड वॉटरने धुवायची आणि ताटाच्या स्टँडमध्ये उभी वाळवायची. लेबलाला पाणी लावायचं नाही. आमच्या लेबलांना कृष्णामाईने आधीच आंघोळ घातली होती, त्यामुळे मी तेवढी काळजी केली नाही. गावभागातल्या गाळाला एका वेळी दाद नव्हती. काही रेकॉर्डी चार-चार वेळा धुतल्या आणि पाचव्यांदाही पाण्याला चहाचा रंग आला.

मात्र ७८ च्या रेकॉर्डीला अल्कोहोलचा थेंबही लावू नका. त्या लाखेच्या आहेत. सुतार चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून पॉलिश करतो, तसं तुमच्या बालगंधर्वांचं पॉलिश होईल. त्यांना फक्त पाणी, तेही पटकन, आणि लगेच सुती कापडाने टिपून कोरडं. दुकानात मी दिवसभर 'हे औषध त्याच्याबरोबर घेऊ नका' हेच सांगत असते, म्हणून इथेही सांगितलं.

धुताना मला पहिल्यांदा दिसलं ते आता लिहिते. खरं तर हे लिहायचं म्हणूनच एवढा मोठा रिव्ह्यू लिहायला बसले.

रेकॉर्ड ट्यूबलाइटखाली तिरकी धरली, की न वाजलेली खाच काजळासारखी काळी चमकते. खूप वाजलेली खाच राखाडी दिसते. मधल्या भोकाभोवती लेबलावर बारीक ओरखडेही असतात. रेकॉर्ड लावताना दांडा भोकात जाईपर्यंत ती लेबलावर फिरते, त्याच्या त्या खुणा. जुन्या रेकॉर्डी विकत घेणारे म्हणे आधी तिथेच बघतात.

मी वहीत लिहायला लागले. कोणती बाजू राखाडी, कोणती काळी. पहिल्या वीस-पंचवीस एल.पी. झाल्यावर लक्षात आलं की काहीतरी जमत चाललंय. 'कॉल ऑफ द व्हॅली' घ्या. शिवकुमार शर्मांचा संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, ब्रिजभूषण काबरांची गिटार; १९६७ ची, एचएमव्हीच्या जी. एन. जोशींनी करवून घेतलेली. काश्मीरमधल्या एका मेंढपाळाचा सगळा दिवस वाद्यांतून मांडलाय. पहाटेच्या अहीर भैरवाने सुरुवात होते, ती बाजू आमच्याकडे इतकी राखाडी, की सुई ठेवल्यावर आधी पाऊसच पडतो. उलटी केली तर संध्याकाळ आणि रात्र: भूप, देस, पहाडी. ती बाजू कोरी. म्हणजे गाळ सोडला तर एचएमव्हीच्या डमडमच्या कारखान्यातून आली तशी.

किशोरीताई आमोणकरांची जौनपुरी आणि पटबिहागची रेकॉर्ड. जौनपुरी सकाळचा, घासलेला. पटबिहाग रात्रीचा, कोरा. सतार, सनई, सरोद, जिथे म्हणून एका बाजूला सकाळचा राग आणि दुसऱ्या बाजूला संध्याकाळचा, तिथे बहुतेक ठिकाणी हाच प्रकार. मला वाटलं, बाबा रागाच्या वेळा पाळणारे, पण मग संध्याकाळच्या वेळी संध्याकाळचे राग का नाहीत?

आईला विचारलं. ती लसूण सोलत होती. 'संध्याकाळी खोलीत ट्यूशनची पोरं असायची ना. सहा ते आठ एक बॅच, आठ ते साडेनऊ दुसरी. मग जेवून हे झोपायचे. पहाटे दूध यायच्या आधी ऐकायचे, तेवढाच वेळ.'

आमच्या दोघांच्या कॉलेजच्या फिया त्या बॅचमधून भरल्या. हे मला माहीत होतं. फक्त त्याचा रंग काळा चमकदार असतो, हे माहीत नव्हतं.

मग ई.पी. काढल्या. पुरातून वाचलेल्या, लेबलं शाबूत. बाबांच्या मोठ्या रेकॉर्डींच्या लेबलावर, जी काही उरलीत त्यांच्यावर, ओरखडा जवळजवळ नाही. दोन हातांनी धरून, वाकून, बरोबर भोकावर नेम धरून लावायचे ते. कंपास वापरणारा माणूस. पण माणिक वर्मांच्या भावगीतांची एक ई.पी. आहे, तिचं लेबल भोकाभोवती मांजराने खेळल्यासारखं ओरबाडलेलं. खाचा दोन्ही बाजूंना राखाडी. गीता दत्तच्या हिंदी गाण्यांची एक, तीही तशीच. मी वर धरून विचारलं, 'ही कुणी एवढी वाजवली?'

आई हसली. म्हणे, बाबा शाळेत, आम्ही शाळेत, दुपारी बारा ते साडेचार घर मोकळं. एका हाताला पीठ. दुसऱ्या हाताने लावायची. बाबांना माहीत होतं का? 'माहीत नसायला काय झालं? सुई लवकर झिजते म्हणून कुरकुर करायचे. पण कोण वाजवतं ते कधी विचारलं नाही.'

'अभंगवाणी' मात्र दोन्ही बाजूंनी सारखीच घासलेली. भीमसेन सगळ्यांचे. राम फाटकांच्या चालीतलं 'तीर्थ विठ्ठल' सुरू झालं, की आमच्याकडे आषाढीला साबुदाणा भिजत पडायचा, हे मलासुद्धा आठवतं.

'कट्यार काळजात घुसली'च्या नाटकातल्या पदांची एल.पी. माझ्या द्राक्षांच्या खोक्याने पापडासारखी वाकवली. वसंतरावांचा आवाज फेऱ्याफेऱ्याला झोका घेतो. दोन काचांमध्ये दाबून ठेवून बघा, पण उन्हात नको, असं चाचांनी सांगितलंय. दोन महिने झाले, अजून विशेष फरक नाही. जुन्या रेकॉर्डी आडव्या रचू नका. उभ्या ठेवा, आणि वर्तमानपत्रात तर मुळीच गुंडाळू नका. माझ्या एका सनईवर दैनिकाच्या बातमीतली तीन अक्षरं उलटी उमटली आहेत.

आता फिएस्टात काय कमी आहे, तेही सांगायला हवं. आवाज एकाच, तळहाताएवढ्या स्पीकरचा. तबल्याचा डग्गा ऐकू येतो असं म्हणायचं म्हणून म्हणायचं. संतूर, बासरी, बाईंचा आवाज सुरेख. स्टिरिओची गंमत नाही. सुईच्या दांड्याचं वजन मी दुकानातल्या छोट्या डिजिटल काट्यावर मोजलं: साडेसहा ग्रॅम. चांगल्या नव्या टर्नटेबलवर मॅग्नेटिक कार्ट्रिज दोन ग्रॅमच्या आसपास चालतं. म्हणजे माझ्या दांड्याचा भार तिप्पट. त्यामुळे हल्ली नव्याने छापून येणाऱ्या दीड-दोन हजारांच्या रेकॉर्डी या मशीनवर लावू नका, हे चाचा स्वतःच सांगतात. ज्या आधीच घासलेल्या आहेत त्या खुशाल लावा. कोऱ्या बाजूंचं काय, हा माझ्यापुरता अवघड प्रश्न होता. पन्नास वर्षं जपल्या गेलेल्या खाचा आता साडेसहा ग्रॅमने नांगरायच्या? दादाचं म्हणणं, नीट मशीन घे, तोवर थांब. बरोबर आहे त्याचं. त्यासाठी पैसे बाजूला टाकायला सुरुवातही केली आहे. पण आई ८१ वर्षांची आहे. मी डोस ठरवला: प्रत्येक कोरी बाजू महिन्यातून एकदा, नव्या सुईने, आधी धुवून. सुई अडीचशेला मिळते. चाचांकडून तीन आणून ठेवल्या आहेत.

मोबाईलवर यातलं बहुतेक मिळतं, दादाचं खरं आहे. मीही आधी तिथेच ऐकून बघितलं. आलाप संपायच्या आत कुणीतरी प्लॉट विकायला आलं. आणि तिथे सगळं एकसलग असतं, त्यामुळे बाबा कुठे थांबायचे हे कळत नाही. फिएस्टावर वीस-बावीस मिनिटांनी बाजू संपते, सुई शेवटच्या खाचेत टक्-टक् करत राहते आणि तुम्हाला उठावंच लागतं. उठलं की उलटायची की नाही, ते ठरवावं लागतं.

पहिली कोरी बाजू आम्ही एका शुक्रवारी संध्याकाळी सात वाजता लावली. मी दुकान मुलावर सोपवून मुद्दाम लवकर आले होते. आई मालिकेची वाट बघत होती, तिला म्हटलं वीस मिनिटं थांब. भूप सुरू झाला. पाऊस नाही, खरखर नाही, बासरी अशी स्वच्छ की शेजारच्या काकूंनी गॅलरीतून डोकावून पाहिलं. देस झाला. पहाडी लागला तेव्हा आईने डोळे उघडून विचारलं, 'ही नवीन आणलीस का?'

'आपलीच आहे,' म्हटलं. 'बाबांची.'

'कधी ऐकली नाही गं ही.' मग जरा वेळाने, 'आवाज थोडा वाढव.'

चाचांकडे जायचं असेल तर काही गोष्टी. फोनवर भाव विचारू नका, ते ठेवून देतात. शुक्रवारी दुपारी दुकान बंद. पेटीबरोबर तुमची सगळ्यात लांब सुराची रेकॉर्ड न्या. झुरळं आधी स्वतः काढून न्या, त्याचे ते बोलून दाखवतात. आठ दिवस म्हणाले तर दोन महिने धरा. आणि काम झाल्यावर पैसे देताना सुट्टे न्या, कारण पन्नास रुपये परत द्यायला नव्हते म्हणून त्यांनी मला एक जुनी ई.पी. काढून दिली, जॅकेट नसलेली, लेबल पुसलेलं. अजून लावलेली नाही. दोन्ही बाजू राखाडी आहेत.